केपच्या कागदी फुलांचं बी का उगवत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दक्षिण आफ्रिकेत, केपमधल्या सॉमरसेट वेस्टला राहायला आल्यावर तुम्ही एव्हरलास्टिंग डेझीची, म्हणजे या कागदी फुलांच्या बियांची चार पाकिटं विकत आणलीत: सिंकार्फा वेस्टिटा, सिंकार्फा एक्झिमिया, हेलिक्रायझम एक्लोनिस आणि हेलिक्रायझम मिलफोर्डी. वसंत लागला म्हणून सप्टेंबरात चारही एकाच दिवशी, तयार पॉटिंग मिक्समध्ये पेरलीत. सिंकार्फाचं एकही रोप आलं नाही. हेलिक्रायझम दोन्ही उगवली, छान वाढली आणि पुढच्या जूनच्या पावसात मानेशी कुजून गेली. आता फेब्रुवारी चालू आहे, उरलेलं बी हाताशी आहे आणि तुम्ही विचारताय की बी उगवण्यासाठी मिळणारी धुराची चकती वापरली की काम होईल का. शिवाय थोडं बी पुण्याला सासूबाईंना पाठवायचं आहे.

चकतीबद्दल सांगतोच, पण आधी पाकिटं दोन ढिगांत वेगळी करा. सिंकार्फा एका बाजूला, हेलिक्रायझम दुसऱ्या बाजूला. दिसायला ही सगळी एका घरातली वाटतात, फुलाभोवती तीच कागदी, कोरडी, पाकळ्यांसारखी सहपत्रं, तीच रुपेरी लोकरी पानं. पण तुमच्याकडच्या दोन सिंकार्फा केपच्या डोंगरातल्या, फिनबॉस म्हणजे तिथल्या झुडुपी रानातल्या आहेत आणि दोन हेलिक्रायझम पूर्वेकडच्या ड्राकेन्सबर्ग पर्वत आणि लेसोथो देशाच्या बाजूच्या. केपला पाऊस हिवाळ्यात (इथे जून ते ऑगस्ट) पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. ड्राकेन्सबर्गला उलटं: ऑक्टोबर ते मार्च गडगडाटी पाऊस आणि हिवाळाभर कोरडी, कडाक्याची थंडी. एकाच देशातल्या या झाडांची वर्षं एकमेकांच्या उलट चालतात. चारही एका दिवशी पेरली तर दोघांपैकी एकाचा हंगाम चुकणारच, आणि पेरणीनंतर चौघांना सारखीच वागणूक दिली तर दुसऱ्याचाही चुकतो. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

पाकिटावरच्या नावावर पूर्ण विसंबू नका. जुन्या याद्यांमध्ये सिंकार्फा वेस्टिटा हे हेलिक्रायझम वेस्टिटम म्हणून सापडतं आणि एक्झिमिया हे हेलिप्टेरम एक्झिमियम म्हणून. अजूनही काही विक्रेते तीच नावं छापतात. म्हणून 'हेलिक्रायझम' वाचलं की वसंतात पेरायचं, असं करू नका. ते झाड मुळात कुठल्या डोंगरातलं, तिथे पाऊस कधी पडतो, एवढं शोधा. पेरणीचा महिना त्यावरून ठरतो.

आता बी बघा. धुराच्या गप्पा सगळे मारतात, पण माझ्या अनुभवात 'उगवलंच नाही' म्हणणाऱ्यांच्या पाकिटात निम्म्याहून जास्त बी पोकळ असतं. या कुळात एका फुलाच्या बोंडात कितीतरी बारीक फुलं असतात आणि प्रत्येकात बी धरतंच असं नाही. परागीभवन झालं नाही, किंवा बोंडात अळी शिरली, की आत नुसती टरफलं उरतात. वर केसांचा झुपका मात्र टरफलालाही तसाच असतो, त्यामुळे पाकीट भरलेलं दिसतं. दहा पटीचं भिंग घ्या, पांढऱ्या कागदावर चिमूटभर बी पसरा. भरलेलं बी गडद, फुगीर, टोकाला किंचित निमुळतं दिसतं. पोकळ असेल तर फिकट आणि चपटं. नखाच्या टोकाने दाबा: पोकळ बी लगेच चिरडतं, भरलेलं नखाला अडतं, जोर लावला की फुटून आतून पांढरा, किंचित तेलकट गर दिसतो. अशी दहा-बारा बियाणी दाबून पाहिली की पाकिटाची लायकी कळते. दहात दोन भरलेली निघाली तर पाचपट दाट पेरा. एकही निघालं नाही तर पेरण्याचे कष्ट वाचले.

स्वतःच्या झाडावरून बी काढाल तेव्हा बोंड पूर्ण पिकून, केस फुलून सुटायला लागल्यावर कोरड्या दुपारी काढा. बारीक चाळणीवर बोटाने चोळलं की झुपका सुटतो. मग ताटात घेऊन अगदी हलकी फुंकर मारा, टरफलं उडतात आणि जड बी मागे राहतं. सूप पाखडण्याचा हात असेल तर हे शिकवावं लागत नाही. कागदी पाकिटात, तारीख आणि ठिकाण लिहून, सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. डोंगरी हेलिक्रायझमचं बी फार टिकत नाही, वर्षाच्या आत पेरलेलं बरं. सिंकार्फाचं बी जमिनीत वाट पाहण्यासाठीच घडलेलं असतं, ते जास्त दम धरतं.

आणि ती वाट कशाची, तर वणव्याची. फिनबॉस दहा-वीस वर्षांनी कधीतरी जळतो, साधारण उन्हाळ्याच्या शेवटी. झुडपं राख होतात, जमीन उघडी पडते, आणि एप्रिल-मेच्या पावसाबरोबर वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी उठतं. सिंकार्फा वेस्टिटा ही त्या पहिल्या काही वर्षांची मालकीण. जळालेल्या उतारावर ती दाट उगवते, पांढऱ्या फुलांनी उतार भरून टाकते, आणि मोठी झुडपं परत वर आली की हटते. बियांना जाग येते ती बहुतेक आगीच्या उष्णतेने, असं आधी मानलं जाई. 1990 मध्ये योहानेस द लांगे आणि चार्ल्स बूशे यांनी ऑडोइनिया कॅपिटाटा या दुर्मीळ फिनबॉस झुडपावर दाखवलं की नुसत्या धुरानेही बी उगवतं. पाठोपाठ केप टाउनच्या किर्स्टेनबॉश वनस्पती उद्यानात नेव्हिल ब्राउन यांनी बऱ्याच जातींवर धूर आणि धुराचं पाणी वापरून पाहिलं, आणि त्यात सिंकार्फा वेस्टिटा हे अगदी ठळक उदाहरण निघालं. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे धुरातलं ते नेमकं रसायन वेगळं केलं. त्याला कॅरिकिनोलाइड म्हणतात आणि ते अतिशय सूक्ष्म प्रमाणात काम करतं.

सूक्ष्म प्रमाणात, हे नीट लक्षात घ्या. धुराचं पाणी जास्त दाट झालं तर बी उगवायचं सोडून दबतं. म्हणून चकती वापरताय तर तिच्या पाकिटावर लिहिलंय तेवढंच करा. चकती म्हणजे धुराच्या पाण्यात भिजवून वाळवलेला टिपकागद. ती 50 मिलिलिटर पाण्यात टाकायची, पाणी रंग धरतं, त्यात बी चोवीस तास भिजवायचं आणि पेरायचं. दुप्पट चकत्या टाकून दुप्पट रोपं येत नाहीत. भिजवलेलं बी लगेच पेरायचं नसेल तर सावलीत वाळवून ठेवता येतं, धुराचा असर टिकतो.

चकती न मिळाल्यास धुरी द्या. आपल्याकडे धान्याच्या कणगीला किंवा बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात, त्याहून फार वेगळं काही नाही. पत्र्याच्या डब्यात कोरडी आणि ओली पानं, काटक्या मिसळून धुमसत ठेवायच्या, ज्वाळा होऊ द्यायची नाही. डब्यातून लांब नळी काढून धूर प्लास्टिकच्या तंबूत सोडायचा, आणि तंबूत पेरलेले ट्रे. नळी लांब हवी, कारण धूर ट्रेपर्यंत पोचताना थंड झालेला असावा. तास-दोन तास पुरे. त्यानंतर पहिले काही दिवस झारीने धो-धो पाणी घालू नका. धुरातला माल मातीच्या वरच्या थरावर बसलेला असतो, तो हळूहळू बियांपर्यंत झिरपायला हवा. वाहून गेला तर सगळा खटाटोप फुकट. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. केपमध्ये फेब्रुवारीत कुणाच्या परसातून धूर दिसला की लोक थेट अग्निशमन दलाला फोन करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. वारा सुटला असेल त्या दिवशी हा उद्योग मुळीच नको. माझं मत विचाराल तर घरगुती चार ट्रेंसाठी चकतीच बरी.

पण चकती वापरूनही सप्टेंबरात पेराल तर सिंकार्फा उगवणार नाही, किंवा चुकार एखादं येईल आणि डिसेंबरच्या उन्हात जाईल. धुराने बियाला आग होऊन गेल्याचं कळतं. पाऊस लागल्याचं आणि रात्री गारठल्याचं मात्र त्याला हवामानातूनच कळावं लागतं. रात्री दहा-बारा अंशांवर आणि दिवसा वीसच्या आसपास, असा फरक पडायला लागला की पेरायचं. सॉमरसेट वेस्टला हे मार्चच्या शेवटी ते एप्रिलभर जमतं. ट्रे काचघरात किंवा घरात उबेला ठेवू नका. उघड्यावर, पण पक्ष्यांपासून आणि मुसळधार सरीपासून जाळीखाली ठेवा. रात्रीचा गारवा ट्रेला लागलाच पाहिजे.

माती. तयार पॉटिंग मिक्स विसरा. त्यात कंपोस्ट आणि खत असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि बुरशीला आमंत्रण देतं. फिनबॉस ज्या वालुकाश्मावर वाढतो तिथली माती आम्लधर्मी आणि भिकेला लागलेली असते, फॉस्फरस तर नावालाच. दोन भाग जाडसर धुतलेली वाळू आणि एक भाग बारीक केलेली, मुरलेली पाइनची साल, एवढंच मिश्रण मी वापरतो. वाळू समुद्रावरची नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो. खत नाही, शेणखत नाही, हाडांचा चुरा तर अजिबात नाही. बी पृष्ठभागावर पसरून वर वाळूचा इतका पातळ थर द्या की बी जेमतेम झाकलं जाईल. पाणी खालून शोषू द्या किंवा अगदी बारीक फवाऱ्याने, सकाळी. संध्याकाळी ओला राहिलेला ट्रे म्हणजे दुसऱ्या दिवशी कोलमडलेली रोपं.

तीन ते पाच आठवड्यांत कोंब दिसतात. सगळे एकदम येत नाहीत, मे महिन्यातही एखादं डोकं वर काढतं. काहीच आलं नाही तरी ट्रे फेकू नका. उन्हाळाभर सावलीत कोरडा ठेवा आणि पुढच्या शरदात, म्हणजे मार्च-एप्रिलात, परत भिजवा. भरलेलं बी असेल तर दुसऱ्या वर्षी उगवण्याची चांगली शक्यता असते.

खरी कसोटी यानंतर लागते. पहिली पानं साधी असतात, मग लोकरी पानं येतात, आणि त्या लोकरीत पाण्याचे थेंब अडकले की करडी बुरशी धरते. पान एका बाजूने चिखलकट राखाडी होतं, दोन दिवसांत शेजारच्या रोपाला लागतं. असं रोप दिसलं की चिमट्याने मुळासकट काढून टाका, त्याला वाचवत बसू नका. हवा खेळती ठेवणं हाच उपाय. खऱ्या पानांच्या दोन जोड्या झाल्या की खोल, अरुंद कुंडीत हलवा. उशीर केलात तर मुळं एकमेकांत गुंततात आणि ओढताना तुटतात, आणि या मंडळींना मूळ दुखावलेलं अजिबात चालत नाही. रोप पानाला धरून उचला, देठाला धरू नका, आणि मुळाभोवतीची वाळू तशीच राहू द्या.

जमिनीत लावायचं ते जून-जुलैच्या पावसात, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खोल जातात. तुमच्या भागात बऱ्याच बागांची माती चिकट आहे, तेव्हा दगड-वाळूचा उंचवटा करून त्यावर लावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोल पाणी, पुढे काही नाही. आणि वेस्टिटाकडून दीर्घायुष्याची अपेक्षा ठेवू नका. नोव्हेंबर ते जानेवारी फुलते, काही वर्षं शोभते आणि मग एका उन्हाळ्यात वाळते. दरवर्षी थोडं बी पेरत राहणं हाच तिला टिकवण्याचा मार्ग.

एक्झिमिया वेगळी. स्ट्रॉबेरी एव्हरलास्टिंग म्हणतात ती हीच, रुपेरी, मखमली पानांच्या उंच दांड्यावर लालभडक गोळ्यांचा झुबका. धूर तिलाही द्या, पेरणी तशीच, पण ती जॉर्जपासून गकेबेऱ्हापर्यंतच्या (जुनं पोर्ट एलिझाबेथ) किनारी डोंगरांच्या दक्षिण उतारांवरची, जिथे सूर्य तिरका पडतो आणि समुद्रावरून धुकं येतं. सॉमरसेट वेस्टला उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा दिवसेंदिवस सुटतो, त्यात तिची पानं करपतात. घराच्या दक्षिणेकडच्या (इथे ती सावलीची बाजू) भिंतीशी, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशा जागी लावा, मुळाशी गारवा ठेवा, आणि फुलासाठी दुसऱ्या वर्षाची वाट पाहा. खरं सांगायचं तर पहिल्याच वर्षी एक्झिमियावर हात टाकणं म्हणजे पोहायला शिकताना थेट समुद्रात उतरणं. तुम्ही आधी सिंकार्फा आर्गिरॉप्सिस करून बघा. ती हर्मानस ते अगुल्हासच्या किनाऱ्यावरची, ठेंगणी, रुपेरी गादीसारखी वाढते, वारा-ऊन-खारी हवा सोसते आणि छाट कलमानेही सहज लागते. तिच्यावर हात बसला की बाकीच्यांचा स्वभाव कळायला लागतो.

आता दुसरा ढीग. एक्लोनिस आणि मिलफोर्डीला धूर लागत नाही. ताजं बी, वर उजेड आणि मोकळी हवा, एवढ्यावर दोन-तीन आठवड्यांत उगवतात. तुम्ही सप्टेंबरात पेरलंत ते यांच्यासाठी बरोबरच होतं. चूक पुढच्या हिवाळ्याची. यांच्या घरी हिवाळ्यात गवत पिवळं पडतं, जमीन गोठते, पण कोरडी असते. केपचा हिवाळा त्यांना थंडीने मारत नाही, ओलीने मारतो. एक्लोनिसच्या पानांचा गुच्छ जमिनीला टेकून असतो आणि त्याच्या मध्यात पाणी साचलं की मान कुजते. तेव्हा मे ते ऑगस्ट कुंडी छपराखाली न्या, बाजू उघड्या ठेवा, आणि पाणी जवळजवळ तोडा. कुंडीच्या वरच्या बोटभर थरात नुसती खडी भरा, मान खडीत बसली पाहिजे. ऑगस्टच्या शेवटी नवीन पानं फुटताना दिसली की परत पाणी सुरू करा आणि उन्हाळाभर कमी पडू देऊ नका. इथला कोरडा उन्हाळा ही त्यांची दुसरी अडचण, पण ती नळाने सुटते. मिश्रणात यांना थोडी माती चालते: वाळू आणि खडी निम्मी, बाकी चाळलेली पोयट्याची माती आणि थोडी साल.

मिलफोर्डी तर लेसोथोच्या पठाराच्या कडेला, तीन हजार मीटरच्या आसपास बेसाल्टच्या खडकांत वाढते. घट्ट चिकटलेल्या रुपेरी गुच्छांची चटई, आणि कळी मिटलेली असताना बाहेरून किरमिजी, उमलली की आतून पांढरी. ढग आले की परत मिटते. लेसोथोला चढणाऱ्या सानी पास घाटाच्या बाजूला कधी गेलात तर गाडीतून उतरून खडकांच्या भेगा बघा, तिचे जातभाई दिसतील. सखल भागात ती जगते, पसरते, पण उन्हाळ्याच्या रात्री उबदार असतील तर फुलायला नाखूश असते. रुंद, उथळ मातीच्या कुंडीत दगडांच्या फटीत लावा. बियांपासून आलेल्या रोपांत थोडा फरक दिसतो. जे घट्ट आणि चांगलं फुलणारं निघेल त्याचे गुच्छ उन्हाळ्याच्या शेवटी छोट्या देठासकट काढून वाळूत रोवा. संग्राहकांकडच्या चांगल्या मिलफोर्डी बहुतेक अशाच वाढवलेल्या असतात.

तुम्ही शेवटी विचारलंत, डोंगरात फिरताना दुर्मीळ जातीचं बी मिळालं तर घ्यावं का. नाही. राखीव क्षेत्रात आणि रस्त्याच्या कडेलाही परवान्याशिवाय बी-फूल तोडता येत नाही आणि खासगी जमिनीवर मालकाची लेखी संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, गकेबेऱ्हाकडच्या कोएगाजवळच्या सिंकार्फा रेकर्वाटासारख्या जातीला राहायला जागाच मुळात तेवढी. तिथलं मूठभर बी आपल्या ट्रेमध्ये कुजवणं परवडणारं नाही. परवानाधारक नर्सरीकडून बी घ्या आणि पाकिटावर मूळ ठिकाण लिहिलेलं असेल तर ते कुंडीच्या पट्टीवरही लिहा. ठिकाण हरवलेलं दुर्मीळ झाड संवर्धनाच्या कामी क्वचितच येतं.

आणि पुण्याचं. पत्रात घालून बी पाठवू नका. भारतात बी आणायचं तर 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयातीचा परवाना आणि इथल्या कृषी खात्याचं फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. एवढं करून पोचलंच, तर पुण्याच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्रींत वेस्टिटा उगवेलही, पण जूनपासून चार महिने लोकरी पानांवर पाऊस आणि उबदार रात्री, त्यात ती टिकणार नाही. मिलफोर्डीचं तर नावच काढू नका. सासूबाईंना कागदी फुलंच हवी असतील तर पुण्यातल्याच बियाण्याच्या दुकानातून हेलिक्रायझम म्हणून मिळणारं बी घ्यायला सांगा. ते ऑस्ट्रेलियातलं, झेरोक्रायझम ब्रॅक्टिएटम. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलं की हिवाळ्यात भरभरून फुलतं, धूर लागत नाही, आणि पूर्ण उमलण्याआधी तोडून उलटं टांगलं तर पुढच्या गणपतीपर्यंत रंग राहतो.

तुम्ही या आठवड्यात भिंग आणा आणि उरलेल्या सिंकार्फाचं बी दाबून बघा. भरलेलं निघालं तर वाळू-सालीचं मिश्रण तयार ठेवा, चकती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भिजवा. हेलिक्रायझमचं बी जुनं झालंय, तरी ती पाकिटं ऑगस्टपर्यंत फ्रिजमध्येच राहू द्या.